पाच-सात-पाच जमतं, तरी हायकू का होत नाही?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही साताऱ्यात राहता. वर्षभर हायकू, म्हणजे मूळची जपानी असलेली अगदी छोटी कविता, लिहिताय. पाच-सात-पाच अक्षरं बोटांवर मोजून चोख बसवता, तरी दाखवलं की लोक म्हणतात, "हा हायकू नाही, ही तीन ओळींत मोडलेली कविता आहे." कुणी सांगतं यमक पाहिजेच, कुणी सांगतं यमक असलं की तो हायकूच नव्हे, तर कुणी ऋतूचा आग्रह धरतं. मग नियम नेमका कोणता आणि नवख्या माणसानं सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय. सोबत स्वतःच्या दोन रचनाही दिल्यात:

आयुष्य माझे
वादळातली नाव
किनारा कुठे

पाऊस आला
मन चिंब भिजले
आठवण ती

मी सांगलीत राहतो आणि 27 वर्षं हायकू लिहितोय. नवीन लिहिणाऱ्यांसोबत बसून त्यांच्या वह्या वाचणं हे माझं आवडीचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची अडचण अक्षरांची नाहीच. अक्षरं बरोबर आहेत, मी मोजून पाहिली. पण या सहा ओळींत तुम्ही स्वतः पाहिलेलं काहीच नाही. आयुष्य, वादळ, नाव, किनारा हे शब्द आपल्या सगळ्यांच्या कानावरून इतके गेलेत की ते लिहायला डोळे उघडावे लागत नाहीत. दुसऱ्या रचनेत पाऊस आहे खरा, पण तो कुठे पडला, कशावर पडला, त्याचा आवाज कसा आला, यातलं काही नाही. लगेच 'मन भिजलं' असा निकाल आला. वाचणाऱ्याला करायला काही उरलंच नाही.

आणि तरीही तुम्ही हायकू लिहू शकता, याची मला खात्री आहे. कारण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज एक वाक्य लिहून गेलात: "रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जाते, काल तर इतकं धुकं होतं की खालचं काही दिसत नव्हतं, फक्त स्टँडवरच्या एसटीचा हॉर्न ऐकू येत होता, अशा वेळी खूप सुचतं पण घरी येईपर्यंत विरून जातं."

ताई, जे विरून गेलं असं तुम्हाला वाटतंय, ते याच वाक्यात आहे. बघा:

धुकंच धुकं
खालून ऐकू येतो
एसटीचा हॉर्न

यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. गड, उंची, सकाळ, एकटेपणा यांतलं काही लिहिलेलं नाही, पण 'खालून' या एका शब्दामुळे वाचणारा आपोआप वर जाऊन उभा राहतो. दिसणारं सगळं पुसलं गेलंय आणि ओळखीच्या गावाचा फक्त आवाज उरलाय. यावर 'मन हरवले' असं लिहिलं असतं तर? लगेच खेळ संपला असता.

शेवटच्या ओळीत अक्षरं सहा झाली, हे तुम्ही एव्हाना मोजलं असेल. 'एसटी हॉर्न' केलं की पाच होतात. पण तसं आपल्याकडे कुणी बोलत नाही. मी सहाच ठेवीन. असं का, ते सांगायला जरा जपानपर्यंत जाऊन यावं लागेल.

जपानी हायकूत पाच-सात-पाच मोजतात ती आपली अक्षरं नव्हेत. त्यांचं एकक 'ओन'. ते उच्चाराच्या कालावर ठरतं. दीर्घ स्वर दोन मोजतात, शब्दातला सुटा 'न' वेगळा मोजतात, जोडाक्षरातला थांबाही वेगळा मोजतात. आपण 'टोक्यो' दोन अक्षरांत संपवतो, ते लोक तो-ओ-क्यो-ओ असे चार मोजतात. 'निप्पोन' आपल्याला तीन, त्यांना चार. शिवाय तिथे हायकू परंपरेनं एकाच उभ्या ओळीत लिहितात. तीन ओळींची मांडणी भाषांतरातून आपल्या सवयीची झाली. मग सतरा अक्षरं म्हणजेच हायकू, असं मराठीत कुणी शपथेवर सांगू शकत नाही.

पण म्हणून मोजणं सोडून द्या, असं मी म्हणणार नाही. अक्षरं मोजून लिहिणं हे आपल्या हाडात मुरलेलं आहे. अभंग सहा-सहा-सहा-चार अक्षरांवर चालतो आणि शेतात राबणाऱ्या, न शिकलेल्या माणसालाही त्यात एक अक्षर कमी-जास्त झालेलं कानाला कळतं. पाच-सात-पाच हे नवख्याला चांगलं कुंपण आहे. जागा थोडी असली की फालतू विशेषणं आपोआप बाहेर पडतात. पहिली दोनेक वर्षं मोजा. मात्र एक अक्षर बसवण्यासाठी बोलण्यातला सहजपणा मोडायची वेळ आली, तर मोजणं बाजूला ठेवा. 'ती', 'हा', 'खास', 'मम' असे शब्द तुमच्या ओळीच्या शेवटी दिसले की समजा, ते अर्थासाठी आलेले नाहीत, भरतीला आलेत. तुमच्या 'आठवण ती'मधली 'ती' तशीच आहे.

यमकाचं भांडण वेगळं आहे. मराठीत हायकू रुजवला तो कवयित्री शिरीष पै यांनी. त्यांनी अक्षरांचा हिशोब काटेकोर पाळला नाही. तीन छोट्या ओळी आणि त्यातल्या दोन ओळींना यमक, अशी घडण त्यांनी मराठीला दिली. जपानी हायकूत यमक नसतं. त्यामुळे मराठीत दोन घराणी झाली, एक मोजणारं आणि एक यमक जुळवणारं, आणि दोघांचंही खरं आहे. तुम्हाला रचना कुठे पाठवायची आहे, यावरही हे ठरतं. स्पर्धेच्या नियमात पाच-सात-पाच लिहिलं असेल तर तसंच पाठवा, वाद घालू नका. एखाद्या संपादकांना यमक हवं असेल तर यमकातले वेगळे काढून पाठवा. वहीत मात्र त्या त्या हायकूला जे मानवेल ते करा.

माझं स्वतःचं उदाहरण देतो. आमच्याकडे ऊसतोड संपली की टोळ्या आपापल्या गावी परत निघतात. एका मार्चमध्ये पलूसच्या बाजूला एका मोकळ्या फडाच्या कडेनं चालत होतो. पाचट तेवढं पसरलेलं होतं. त्यात मला जे दिसलं ते आधी अक्षरं मोजून लिहायला गेलो, तेव्हा 'टोळी निघाली / रिकाम्या फडामध्ये / चप्पल छोटी' असं झालं. मोजमाप बरोबर, पण 'चप्पल छोटी' ही ओळ माझ्या घशाखाली उतरेना. बोलताना आपण 'छोटी चप्पल' म्हणतो. महिनाभरानं ते असं झालं:

ऊसतोडीची टोळी गेली
रिकाम्या फडात
एक इवली चप्पल राहिली

इथे 'गेली' आणि 'राहिली' या दोन साध्या क्रियापदांनी यमक आपसूक जुळलं, आणि त्या यमकातच जाणं आणि राहणं समोरासमोर आलं. असं यमक मिळालं तर सोडू नये. पण 'राहिली'ला जुळवण्यासाठी 'साहिली', 'वाहिली' शोधत बसायची पाळी आली असती, तर मी ते टाकून दिलं असतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. हायकूत सहसा दोन चित्रं शेजारी ठेवलेली असतात आणि मध्ये फट असते. जपानीत ही फट दाखवायला खास शब्द आहेत, या, काना, केरी असे. त्यांना कापणारे शब्द म्हणतात. जपानी कवी बाशोंचा 1686 सालचा बेडकाचा हायकू तुम्ही ऐकला असेल. जुनं तळं, मग हा काप, मग बेडकाची उडी आणि पाण्याचा आवाज. तोवरची कविता बेडकाच्या डरावण्याचं कौतुक करत आली होती. बाशोंनी त्याला उडी मारायला लावली आणि आवाज पाण्याला दिला. तळं किती शांत होतं हे त्यांनी सांगितलं नाही. आवाज ऐकू आला, म्हणजे शांतता असणारच.

मराठीत तसे ठरावीक कापणारे शब्द नाहीत, पण फट पाडायची सोय भरपूर आहे. ओळ नामावर थांबवली की काप पडतो. 'धुकंच धुकं'मध्ये तो 'च' थोडं तेच काम करतो. कुठे स्वल्पविराम पुरतो, कुठे नुसती ओळ मोडली तरी भागतं. आणि ही उडी आपल्याला परकी आहे असंही नाही. जात्यावरच्या ओवीत एका ओळीत दारची तुळस येते आणि पुढच्या ओळीत एकदम माहेरचा भाऊ उभा राहतो. मध्ये 'जसा', 'तसा' काही नसतं, तरी ऐकणारीच्या डोळ्याला पाणी येतं. आपल्या आज्या हे दळता दळता करत होत्या. म्हणून नवीन लिहिणाऱ्यांना मी एक बंधन घालतो: पहिलं वर्षभर 'जणू', 'जसा', 'सारखा', 'परी' हे शब्द वापरायचे नाहीत. उपमा वाईट असते म्हणून नव्हे, तर उपमा ती फट बुजवून टाकते म्हणून.

स्वतःचा निकाल रचनेतून काढणं मात्र फार अवघड जातं. मलाही गेलं. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, सांगलीत घरंच्या घरं पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर आम्ही एका नातेवाइकाच्या घरी चिखल काढायला गेलो. दाराची लाकडी चौकट पुसताना बोटांना खाचा लागल्या. त्या घरातल्या मुलाची उंची दरवर्षी खिळ्यानं ओढून ठेवलेली होती, एकावर एक सहा-सात रेघा. आणि त्यांच्या वर, हातभर वर, पुराच्या पाण्याची गढूळ रेघ. त्या रात्री मी लिहिलं त्यात 'बुडाले बालपण' अशी ओळ होती. दोन दिवस ती मला फार चांगली वाटत होती. मग कळलं, ती ओळ त्या चौकटीवर नव्हती, मी तिथे ती चिकटवली होती. ती काढायला मला जवळजवळ वर्ष लागलं:

उंचीच्या खुणा
दारावर पोराच्या,
वर पुराची

बालपण बुडालं की घर बुडालं की पोरगा आता मोठा होऊन पुण्याला गेलाय, ते ज्याचं त्यानं ठरवावं. एका वाचकानं मला सांगितलं की त्याला त्यात भीती दिसली, कारण पाण्याच्या वेळी पोरगा दारात उभा असता तर? माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी 'बुडाले बालपण' ठेवलं असतं तर त्याच्याही डोक्यात आलं नसतं.

तुम्ही लिहिलंय की तुमच्या आयुष्यात सध्या बरंच दुःख आहे आणि तेच कवितेत येतं. ते येऊ द्या, हायकूला दुःख वर्ज्य नाही. मासाओका शिकी (1867–1902), ज्यांनी या कवितेला 'हायकू' हे नाव रूढ केलं, ते मणक्याच्या क्षयानं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेले होते. त्यांचा एक हायकू एवढंच सांगतो की बाहेर बर्फ किती साचलाय, हे मी पुन्हापुन्हा विचारत राहिलो. आजार नाही, अंथरूण नाही, 'माझे नशीब' तर नाहीच. पण जो माणूस उठून खिडकीपाशी जाऊ शकत नाही, तोच असं विचारतो. तुमचं 'आयुष्य माझे' ज्या दिवशी एखाद्या वस्तूत किंवा एखाद्या साध्या प्रश्नात शिरेल, त्या दिवशी ते वाचणाऱ्याच्या काळजाला भिडेल.

ऋतूबद्दल. जपानी हायकूत ऋतू सुचवणारा शब्द असतो, आणि अशा शब्दांचे तिथे कोश आहेत. बेडूक म्हटलं की वसंत, असं ठरलेलं. मी सुरुवातीला दोन वर्षं अनुवाद वाचून लिहिलं, आणि माझ्या ओळींत त्यांचा बर्फ आणि त्यांची चेरीची फुलं आली. मग एक दिवस आमच्या शेजारचे एक शेतकरीकाका म्हणाले, "यंदा तरणा कोरडा गेला, आता म्हाताऱ्यावर भिस्त." पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. मला तिथल्या तिथे उमगलं की आपला ऋतूंचा कोश आपल्या माणसांच्या तोंडात आहे. मृग म्हटलं की जूनचा पहिला आठवडा संपलेला असतो, बी-बियाणं घरात आलेलं असतं, माणसं पश्चिमेकडे बघत असतात. एवढं सगळं दोन अक्षरांत! हस्ताचा गडगडाट वेगळा, स्वातीची सर वेगळी. पावसाळा सोडला तरी आहेच: ऑक्टोबरातली द्राक्षाची छाटणी, गुऱ्हाळाचा धूर, माघ-फाल्गुनात हळद शिजवताना गल्लीभर येणारा वास, शेडमध्ये वाळत घातलेला बेदाणा. तुमच्याकडे तर कासचं पठार आहे, टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. मात्र कासला जाऊन 'फुलांचा गालिचा' लिहून येऊ नका. तिथून परतताना गाडीत बुटाला लागलेला तांबडा चिखल कदाचित जास्त देऊन जाईल.

ऋतू पाहिजेच का? मी सक्ती करणार नाही. शहरात बंद खोलीत काम करणाऱ्या माणसाच्या हायकूत ट्यूबलाइट येईल, लिफ्ट येईल, त्यात खोटं काही नाही. पण नवख्याला मी ऋतू धरायला सांगतो, कारण ऋतू धरला की माणसाला बाहेर बघावंच लागतं.

आता सुरुवात कशी करायची. पहिले पंधरा दिवस हायकू लिहूच नका. एक छोटी वही किंवा फोनमधली नोंद ठेवा आणि रोज एकच साधं वाक्य लिहा, शेजारणीला सांगावं तसं. आज काय दिसलं, काय ऐकलं, कशाचा वास आला. 'सुंदर', 'मोहक', 'उदास' हे शब्द त्यात नकोत. वाक्य गडावरच लिहा, घरी येईपर्यंत थांबू नका. विरून जातं ते याचमुळे. शब्द नाही आठवला तर जागा मोकळी सोडा, पण पाहिलेली वस्तू नोंदवा. पंधरा दिवसांनी ती पंधरा वाक्यं वाचा. त्यातली दहा-बारा साधी बातमी असतील. दोन-तीन वाक्यांत मात्र अशा दोन गोष्टी शेजारी आलेल्या सापडतील, ज्या एकमेकींना काहीतरी म्हणताहेत, पण काय ते तुम्हालाही नीट सांगता येणार नाही. तेवढीच वाक्यं घ्या. दोन गोष्टी सुट्या करा, उरलेले शब्द गाळा, तीन ओळींत ठेवा. कुठली गोष्ट आधी ठेवायची हे दोन्हीकडून करून बघा. हॉर्न आधी आणि धुकं नंतर ठेवलं तर तो हायकू बघा कसा बसकण मारतो: आवाज येतो, मग त्याचं कारण कळतं, आणि सगळं उलगडून जातं.

मग मोठ्यानं वाचा. बाशोंनी शिष्यांना सांगितलं होतं की लय जमत नसेल तर ओळ जिभेवर हजार वेळा फिरवा. हजार नाही तर दहा वेळा तरी फिरवा. जीभ जिथे अडखळते तिथला शब्द बहुधा बोलीतला नसतो. तुमच्या रचनांत 'माझे', 'भिजले' अशी लेखी रूपं आलीत. प्रश्नात मात्र तुम्ही 'धुकं', 'विरून जातं' असं लिहिलंत. तीच भाषा हायकूत आणा. कवितेची म्हणून वेगळी भाषा काढली की आपण आपल्या डोळ्यांपासून दोन पावलं लांब जातो.

आणि लिहिलेलं त्याच दिवशी कुणाला दाखवू नका. आठवडाभर वहीत राहू द्या. 'वा, छान' ऐकून बरं वाटतं, पण त्यातून कुठली ओळ जादा आहे ते कळत नाही. त्यापेक्षा एकच विश्वासाचं माणूस धरा आणि त्याला एवढंच विचारा: "तुला काय दिसलं?" त्यानं चित्र सांगितलं तर हायकू जमला. त्यानं तुमची भावना शब्दशः परत सांगितली, तर ती तुम्ही ओळीत आधीच सांगून टाकली होती, असं धरा आणि ती ओळ काढा.

तुमचा पाऊस मी मुद्दाम दुरुस्त करून दिलेला नाही. तो कुठे पडला होता, ते मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही कुठे उभ्या होतात, पत्र्याखाली की झाडाखाली की खिडकीत, हातात काय होतं, आणि आठवण येण्याच्या अगदी आधी कानावर काय पडलं, हे आठवून एका वाक्यात लिहा. अक्षरं मोजू नका. ते वाक्य मला पाठवा, मग पुढचं आपण दोघं मिळून बघू.